घडी घातलेला रुमाल

खडकी,
१८ नोव्हेंबर २०२४

ज्यांच्या ताटाकडे बघून दुसऱ्यांनीच त्यांच्या मनाचा निकाल लावला, अशा तमाम बायकांनो! ‘नखरे करते’, ‘बारीक व्हायचं वेड लागलंय’, ‘आमच्या हातचं हिला चालत नाही’, असं सगळं ज्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि ज्यांना कुणी एकदाही विचारलं नाही की बाई, तुला नेमकं होतंय काय, त्या सगळ्यांना माझा जयभीम!

त्या सगळ्यांतल्या एकीला हे पत्र आहे. पूर्वा, तुला.

भाषणच सुरू केलं बघ. चाळीस वर्षांची सवय आहे, एका पत्रात जायची नाही. सासू म्हणवून घ्यायचा हक्क मी पावणेदोन वर्षांपूर्वी घालवला, तेव्हा आयुषची आई म्हणून लिहिते. माझा फोन तू उचलत नाहीस, ते बरंच आहे. फोनवर मी बोलत सुटते. कागदावर आपलं लिहिलेलं आपल्यालाच वाचावं लागतं.

काल आमच्या वस्तीच्या सभागृहात सभा होती. मुख्य वक्ती मी. निघताना पोटभर पोहे खाल्ले, वर दोन कप चहा. बोलायला उभी राहिले, खाली पडलेला कागद उचलायला वाकले आणि पोहे तोंडात आले. मळमळ नाही, ढवळणं नाही, पोटात कळ नाही. जिना चढून यावं तसे आले. आंबट. समोर दोनशे माणसं. मी पदराआड रुमालात घेतले, रुमालाची घडी घातली, कमरेला खोचला आणि म्हणाले, “बंधूंनो आणि भगिनींनो!”

पहिल्या रांगेत वेणूबाई होत्या, आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या. त्या कुणाला सोडत नाहीत. मोठ्याने म्हणाल्या, “चंद्राताई, आज भाषण वर येतंय की खाली जातंय?”

सगळं सभागृह हसलं. मी पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. माझं लक्ष कमरेच्या रुमालाकडे होतं. तशीच चौकोनी घडी मी तुझ्या हातात पाहिली होती.

तू त्या दिवशी काय भोगलंस हे मला माहीत नाही. मी काय पाहिलं ते सांगते. रजिस्टर लग्नानंतरचं आपल्या घरातलं तुझं पहिलं जेवण. तू मटण खात नाहीस म्हणून मी बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा केला, आमच्या भंडारा जिल्ह्याकडचा. क्वार्टरमधली वीस-बावीस माणसं पंगतीला. तू हसत जेवलीस, भात दुसऱ्यांदा मागून घेतलास. पाच-सात मिनिटांनी मान खाली घातलीस, रुमाल तोंडाला लावलास, घास त्यात घेतलास, घडी घातलीस आणि पाण्याचा पेला उचललास. उलटी मी पुष्कळ पाहिली आहे. उलटीला माणूस कळवळतो, आवाज होतो, डोळ्यांत पाणी येतं. तुझ्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. म्हणून मी ठरवलं, हिला काही झालेलं नाही. हिने आमचं अन्न थुंकलं.

हे ठरवायला मला एक क्षणही लागला नाही, कारण ते मी आधी पाहिलं होतं. १९८७ साली नोकरीला लागले तेव्हा डबा खाताना शेजारी बसणारी एक बाई माझी भाकरी रोज कौतुकाने घ्यायची. एक दिवस कुणीतरी तिला माझं आडनाव सांगितलं. तिने तोंडातला घास रुमालात काढला, नीट घडी घातली, पाणी प्याली. शिवी नाही, भांडण नाही. त्या घडीवर मी आयुष्यभर बोलत आले. आणि छत्तीस वर्षांनी माझ्या घरात, माझ्या पंगतीत, कोथरूडची वरच्या जातीतली सून तीच घडी घालताना दिसली.

मी ताटावरून उठले आणि म्हणाले, “पूर्वी हे लोक आपल्या पंगतीला बसत नव्हते. आता शिकलेत. आता बसतात, चावतात आणि थुंकतात.”

आयुषने तुझा हात धरला, गाडी काढली. तुम्ही गेलात.

कालच्या सभेत मला कुणी विचारलं असतं की तुम्ही हे पोहे का थुंकलेत, कोणत्या जातीच्या हातचे होते, तर मी काय उत्तर दिलं असतं? म्हणून जे तेव्हा विचारायला हवं होतं ते आज विचारते. तुला काय होत होतं?

चंद्रभागा

ता. क. पत्र तुझे सासरे बसने आणून देतील. मी पत्ता लिहून द्यायला लागले तर म्हणाले, “राहू दे, माहीत आहे.” त्यांना कसा माहीत, ते मी बघून घेते.


खडकी,
२७ नोव्हेंबर २०२४

पूर्वा,

तुझं उत्तर मिळालं. एक ओळ. ‘मला ॲसिडिटी आहे, गोळ्या चालू आहेत, काळजी नसावी.’ पुण्यात ‘काळजी नसावी’ म्हणजे दार लागलं, हे मला कळतं. इथेच राहते मी. तरी दार वाजवणार आहे.

तुझ्या सासऱ्यांची उलटतपासणी झाली. हा माणूस महिन्यातून दोन रविवार ‘पेन्शनरांची बैठक’ म्हणून जात होता, तो तुमच्याकडे! पावणेदोन वर्षं! मी म्हटलं, “सीतारामजी, मला एका शब्दाने बोलला नाहीत?”

शेंगा सोलत होते, मान वर केली नाही. म्हणाले, “तू विचारलं नाहीस. या घरात प्रश्न विचारायची पद्धत नाही. उत्तरं द्यायची आहे.”

इतकी माणसं माझं म्हणणं खोडायला आली, पण असं कुणी खोडलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. तू उभी राहून जेवतेस. प्रत्येक घासावर पाणी पितेस, हात वर ताणतेस, मग घास उतरतो. कधी पाणीही मध्येच थांबतं. परत येतं ते आंबट नसतं, ताटातलं जसंच्या तसं, भाताचं शीत न् शीत. ऑफिसात तू उपास आहे म्हणून सांगतेस. आडवी झालीस की खोकला, म्हणून खुर्चीत झोपतेस. लग्नात अठ्ठावन्न किलोची होतीस, आता शेहेचाळीस. आयुषला तू बजावलं आहेस की कुणाला सांगायचं नाही, तुझ्या माहेरीसुद्धा. यातलं काही खोटं असेल तर मला कळव. खोटं निघालं तर मला आनंदच होईल.

मी परवा डॉक्टरकडे गेले. शिवाजीनगरला अवनी म्हणून एक पोटाच्या डॉक्टर आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. आत गेले आणि म्हणाले, “मला उलट्या होतात.”

“होतात की वर येतं?”

“त्यात काय फरक?”

“खूप. उलटीला पोट जोर लावतं. आधी मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं. वर येणं म्हणजे काही जोर न लावता अन्न किंवा आंबट पाणी घशात, तोंडात येणं. तुम्हाला कळायच्या आत येतं. कारणं वेगळी, औषधं वेगळी. आता सांगा.”

मी सांगितलं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. जेवणानंतर किती वेळाने? वाकल्यावर की बसल्या बसल्या? चव आंबट की जेवणाचीच? गिळताना अडकतं का? घट्टच की पातळही? वजन उतरलं? आडवं झाल्यावर खोकला, उशीवर डाग? काळं किंवा रक्तासारखं काही? एकही मत दिलं नाही बाईंनी. नुसते प्रश्न. मी जन्मात इतके प्रश्न कुणाला विचारले नव्हते. तुला तर एकही नाही.

माझी उत्तरं एका बाजूला पडली. वाकल्यावर येतं, आंबट येतं, गिळायला त्रास नाही, वजन आहे ते जास्तच. त्या म्हणाल्या, अन्ननळी आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडली असावी, दुर्बिणीने बघू.

मग मी म्हटलं, “माझ्या ओळखीत एक मुलगी आहे,” आणि तुझं सगळं सांगितलं. नाव सांगितलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “न बघता मी नाव देणार नाही. पण पाणीही अडकतं, खाल्लेलं न पचता परत येतं आणि बारा किलो वजन गेलंय, त्या मुलीने ॲसिडिटीच्या गोळ्या खात वाट बघायची नसते. झोपेत ते श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाला धोका असतो. त्यांना घेऊन या.”

घेऊन या म्हणे. मी कुणाला कुठे घेऊन जाऊ शकते, ते त्या बिचाऱ्यांना काय माहीत!

चंद्रभागा


खडकी,
१० डिसेंबर २०२४

पूर्वा,

दोन आठवडे झाले, तुझा कागद नाही. हरकत नाही. मी एकदा कामगारांच्या पाळणाघरासाठी अकरा महिने रोज अर्ज दिला होता.

माझी दुर्बिणीची तपासणी झाली. खोटं सांगणार नाही, आनंदाची गोष्ट नव्हे. घशात कडू फवारा मारतात, जीभ लाकडासारखी होते, कुशीवर झोपवतात. माझी बोलती बंद झालेली बघायला तुझे सासरे दाराशी उभे होते. पाच-सात मिनिटांत संपलं. जठराचा वरचा भाग छातीकडे थोडा सरकलाय आणि झडप सैल आहे. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, अर्ध्या तासाने नाश्ता. बाकी सगळं माझ्याच हातात. एका वेळी पोट भरून जेवायचं नाही, थोडं थोडं. संध्याकाळी साडेसातला ताट उचलायचं आणि तीन तास आडवं व्हायचं नाही. परकराची नाडी सैल. चहा दोनच कप, आणि भाषणाआधी एकही नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली तुझ्या सासऱ्यांनी लाकडी ठोकळे घातलेत. ते घालून झाल्यावर म्हणाले, “आता तू झोपलीस तरी व्यासपीठावरच!”

आठ-दहा दिवसांत माझं वर येणं निम्म्याने कमी झालं. हे तुला अशासाठी सांगत नाही की तूही हेच कर. तुझं दुखणं वेगळं आहे. ठोकळ्यांनी ते हटणार नाही, हे मला डॉक्टरांनी दोनदा बजावलं आहे. सांगायचं ते एवढंच, की दोघींच्या रुमालात एकच दिसत होतं आणि आत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. बाहेरून कुणालाच ते कळत नाही. मला तर नाहीच नाही.

तिथे बाकावर हिंदुराव म्हणून एक गृहस्थ भेटले. मार्केट यार्डात हमाली करतात. पन्नाशीचे, अंगाने वाळलेले, पण डोळे हसरे. फेरतपासणीला आले होते. मी विचारलं (आता मी विचारते!), “तुम्हाला काय होतं?”

“काय सांगू ताई. पानी पेलं तरी परत यायचं. गड्यांमदी बसून भाकर खायची सोय न्हाई. घरची म्हनायची, दारू पितो म्हनून वकतो. अवं, तंबाखूला हात लावला न्हाई कदी! दोन वर्सं गोळ्या खाल्ल्या. मंग ह्या बाईंनी नळीची तपासनी केली, तवा कळलं. अन्ननळीचं खालचं दार हाय ना, ते उघडतच न्हवतं. दार बंद, अन् शिव्या मला!”

“नळीची तपासणी म्हणजे?”

“नाकातनं बारीक नळी घालत्यात. घालताना डोळ्यांतनं पानी येतं, खोटं कशाला बोलू. मंग जागंच ऱ्हायचं, घोट घोट पानी गिळायचं. ईस मिन्टं. शंबर किलोचं पोतं उचलन्यापरीस हलकं हाय.”

त्याआधी एक पांढरं औषध प्यायला देऊन एक्स-रे काढला, मग तोंडातूनच दुर्बीण घालून ते दार मोकळं केलं, म्हणाले. आता भाकरी खातात. सावकाश, चावून चावून, वर पाणी पिऊन. पण चारचौघांत बसून खातात. हे सांगताना त्यांनी डबा उघडून मला दाखवला. त्यात ठेचा होता. मी म्हटलं, “ठेचा चालतो?” तर म्हणाले, “बाईंना सांगू नका.”

पूर्वा, तुझं दार बंद आहे की आणखी काही, मला माहीत नाही. मी एकदा न विचारता निदान केलं, दुसऱ्यांदा करणार नाही. पण तपासता येतं. नाव सापडतं. नाव सापडलं की उपाय असतो.

चंद्रभागा


खडकी,
२४ डिसेंबर २०२४

पूर्वा,

चार पानं! मी तीनदा वाचली. तुझे सासरे म्हणाले, “आता तरी मध्येच बोलू नकोस, पुरतं वाच.” पुरतं वाचलं.

तू लिहितेस, ‘त्या दिवशी मी आजारी आहे म्हणाले असते, तर तुम्ही त्यावरही एक भाषण केलं असतं.’ केलं असतं. ‘आता आजाराचं निमित्त’ इथूनच सुरुवात केली असती.

तू लिहितेस, हे अठराव्या वर्षापासून आहे. तुझ्या घरात सांगितलं तर आई म्हणाली, टेन्शन घेतेस. मैत्रिणी म्हणाल्या, मुद्दाम करतेस. पहिल्या डॉक्टरांनी मन गुंतवा म्हणून सांगितलं. म्हणजे माझ्या घरी येण्याआधी दहा वर्षं तुला सगळ्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं आणि मी येऊन निकाल वाचून दाखवला.

आणि तपासणीला का जात नाहीस, ते तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. ‘तपासणीत काही निघालं नाही तर सगळे खरे ठरतील. मग मी जगू कशी?’ नळीची भीती नाही तुला, निकालाची आहे. ही ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला.

यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते द्यायच्या आधी एक कबुली द्यायला हवी. मी आधीच्या तिन्ही पत्रांतून ती लपवली.

त्या दिवशी तुम्ही दारातून बाहेर पडलात, तेव्हा पंगतीने टाळ्या वाजवल्या होत्या. जिन्यात तुम्हाला ऐकू आल्या असतील. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. आणि त्यानंतर मी ती गोष्ट व्यासपीठावर सांगितली. नाव न घेता, ‘एका घरात असं घडलं’ म्हणून. चौदा सभांत. रुमालाच्या घडीपाशी मी थांबायचे, सभागृह श्वास रोखायचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं भाषण तुझ्या दुखण्यावर उभं आहे. लोकांना ते घर कोणतं हे माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

त्या १९८७ च्या बाईने माझं अन्न थुंकलं, हे खरंच आहे. ते मी मरेपर्यंत सांगेन. असा अपमान आजही होतो, हेही खरंच आहे आणि त्यावर माझा आवाज एक पट्टीही खाली येणार नाही. पण त्या बाईची शिक्षा मी तुला दिली. ज्याला आयुष्यभर न विचारता जोखलं गेलं, त्याने तरी विचारायला हवं होतं. हे माफीने भरून येत नाही. माफी मी मागत नाही, कारण मग ती देण्याचं ओझं तुझ्यावर पडेल. काम करते.

चंद्रभागा


खडकी,
६ जानेवारी २०२५

पूर्वा,

काल त्याच सभागृहात महिला मंडळाची सभा होती. मी बोलायला उभी राहिले आणि रुमालाची गोष्ट सुरू केली. पहिल्या वाक्यालाच बायका सरसावून बसल्या, ठरलेली टाळी हातात घेऊन. घडीपाशी थांबले. मग म्हणाले, “ते घर माझं आहे. ती सून माझी आहे. आणि मी तुम्हाला चौदा वेळा खोटं सांगितलं.”

मग सगळं सांगितलं. उलटी आणि वर येणं यांतला फरक सांगितला. पोहे सांगितले. तुझ्या दुखण्यातलं मात्र एक अक्षरही सांगितलं नाही, ते तुझं आहे. एवढंच म्हणाले की ती आजारी होती आणि मी विचारलं नाही.

टाळी एकही पडली नाही. मागच्या रांगेतून आमच्या वस्तीतली श्रद्धा, बारावीत शिकणारी, उभी राहिली. म्हणाली, “आजी, माझ्या आईचंही असंच वर येतं. आम्ही सगळे तिला ओरडतो.” तिची आई शेजारीच बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. मी श्रद्धाला म्हटलं, “मला नको सांगू. आईला विचार.”

वेणूबाई बाहेर पडताना म्हणाल्या, “चंद्राताई, आज पहिल्यांदा खाली गेलं हो भाषण.” त्याही त्या दिवशी पंगतीला होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या पहिल्या.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तपासणीत काही निघालं नाही तर? हा प्रश्न मी जसाच्या तसा डॉक्टर अवनींना विचारला. त्या म्हणाल्या, “एका तपासणीत नाही दिसलं तर दुसरी करू. अन्न वर येतंय हे त्या सांगतायत ना? तिथूनच मी सुरुवात करते. खरं-खोटं करायला मी बसलेली नाही. बारा किलो कुणी मनाने कमी करत नाही. त्यांना सांगा, मी त्यांच्यावर विश्वास ठेवूनच दार उघडते.”

मीही तसाच ठेवते. काहीही निघो. काही न निघो. कागदावर काय येतंय त्यावर माझा शब्द अवलंबून नाही.

पण वाट बघू नकोस. आयुष काल येऊन गेला. पावणेदोन वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात उभा राहिला आणि म्हणाला, “आई, ती परवा चव्वेचाळीस भरली. झोपेत घुसमटून उठते. मी तिला सांगून थकलो.” मला वाटलं होतं, तो माझ्यावर ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने ओट्याला टेकून डोळे पुसले.

येत्या गुरुवारची, ९ तारखेची वेळ घेतली आहे. तुझ्या नावाने, तुला न विचारता. ही माझी शेवटची आगाऊपणाची गोष्ट. आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, गोळ्यांची नावं बरोबर आण. आदल्या दिवसापासून काय खायचं, कधी थांबायचं ते दवाखान्यातून तुला फोन करून सांगतील, तसंच कर. तुझं अन्न खाली उतरायला वेळ लागतो म्हणून ते नेहमीपेक्षा जास्त तास उपाशी राहायला सांगतील, घाबरू नकोस. आयुष बरोबर असेल. मी बाहेरच्या बाकावर असेन, तू म्हणालीस तर. नको म्हणालीस तर रस्त्याच्या पलीकडे बसथांब्यावर असेन.

तिथे मी एक शब्द बोलणार नाही. तुझे सासरे यावर हसले, पण मी शब्द दिलाय. एक धुतलेला रुमाल आणेन. तुला लागला तर घे, सगळ्यांच्या देखत वापर, घडी घालू नकोस.

बाकी सगळं नंतर. माझ्याशी बोलायचं की नाही, माझ्या घरी पाणी प्यायचं की नाही, मला आई म्हणायचं की नाही, हे तुझं तू ठरव, वर्षाने ठरव, ठरवूच नकोस. मला आत्ता त्यातलं काही नको.

गुरुवारी, सकाळी साडेआठ वाजता, शिवाजीनगरला डॉक्टर अवनींच्या दवाखान्यात ये. तपासून घे.

चंद्रभागा